कात्री खाली ठेव म्हणालीस, गोदे

गोदे, लोक सांगत सुटलेत की तू हसत गेलीस.

तुझ्या दारात बसायला येणारी प्रत्येक बाई डोळ्याला पदर लावून हेच म्हणते. "पुण्यवान बाई, हसऱ्या तोंडानं गेली." दोन-चार जणींचं मी खाली मान घालून ऐकलं. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "हसत नव्हती ती. धनुर्वातानं तिचं तोंड ओढून धरल्तं. दातावर दात बसले होते, पाण्याचा थेंब आत जात नव्हता. याला हसणं म्हणता?" बाया चटकन उठून गेल्या. आता बदनापूरभर झालंय, गोदाची जालन्याची थोरली बहीण लई फटकळ, आल्यागेल्याचाही मान ठेवत नाही. तू मला जन्मभर हेच म्हणत आलीस. घे, सगळं गाव तुझ्या बाजूला गेलं.

मी रागावले आहे तुझ्यावर. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मग कुणावर रागवायचं? जे समोर आहेत त्यांना यातलं काही कळत नाही, आणि जिला कळतं ती निघून गेली. तेव्हा मी बोलणार आणि तू ऐकणार. आजवर कधी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाहीस, मधेच "बरं बरं अक्का, पुरं" म्हणून चुलीकडं निघून जायचीस. आता कुठं जातेस बघू.

त्या दिवशी सकाळच्या गाडीनं रंगनाथ माझ्या दारात आला. तुझा एवढा मोठा लेक, मिशा असलेला, लहान पोरासारखा उंबऱ्यावर उभा. "मावशी, आईची दाढ धरलीय. वैद्यबुवांचा काढा दिला, लवंग दिली, कशाचा उपेग न्हाई. मान बी आखडली. दवाखान्यात आणलंय, चला जल्दी." मी हातातलं शिवण तिथंच टाकून निघाले. मस्तगडातल्या माझ्या घरापासून दवाखान्यापर्यंत मी मनात तुला शिव्या देत चालले होते. दाढ दुखते तर आधी नाही का सांगायचं, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. इतका साधा राग होता तो. तो परत मिळाला तर मी जपून ठेवीन.

डॉक्टरांनी पहिला सवाल तोच केला, "कहीं लगा था क्या? खिळा, काटा, कुछ?" रंगनाथ म्हणाला, न्हाई. तुझी सून कौसा, तान्हं पोर खांद्यावर घेऊन, तीही म्हणाली, न्हाई जी. तू बोलू शकत नव्हतीस, पण तुझे डोळे उघडे होते. ते डोळे माझ्याकडं वळले नाहीत. मी तुझ्या पायथ्याशी बसले, पायाला हात लावला, तर डाव्या तळव्याच्या खोबणीत हळदीचा नि चुन्याचा लेप वाळून घट्ट बसलेला. नखानं जरा खरवडलं तर खाली काळी खपली. "गोदे, हे काय?" म्हटलं. तू डोळे मिटलेस. लहानपणी शिंक्यातला गूळ खाल्ल्यावर मिटायचीस तसे.

डॉक्टर म्हणाले, लागलं त्याच वेळी आणलं असतं तर काही करून बघता आलं असतं.

ऐकलंस ना? कान तर शाबूत होते तुझे. बदनापूर ते जालना किती दूर गं? गाडीत बसून पदर सावरून होतो न होतो तो जालना येतं. बांगड्या भरायला तू आलीस. माझ्याकडचे मसाले न्यायला आलीस. कुणाच्या कोण नवरीच्या साड्या बघायलासुद्धा आलीस, आणि पायात कात्रीचं पातं घुसलं तर आली नाहीस. लेप लावला आणि तसाच पाय घेऊन गोठ्यात शेण काढायला गेलीस!

खपली दिसल्यावर कौसाला आठवलं. म्हणाली, "अगं बया, त्या दिवशी अंगणात वाकळ शिवायला अंथरली व्हती. शेवीच्या हातात कात्री व्हती." एवढंच म्हणाली ती, आणि तुझ्या रंगनाथनं मागचं-पुढचं काही विचारलं नाही. बाहेर पडवीत शेवंती बसली होती, तुझी नात, आताशी पाचवं लागलेली. त्यानं तिच्या एक थोबाडीत दिली. पोर रडली नाही. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मार खाऊन जे लेकरू रडत नाही, त्याच्या पोटात काहीतरी असतं.

तू गेल्यावर घरी येऊन त्यानं पहिलं काम काय केलं, सांगू? ती कात्री विहिरीत फेकली. मीच दिली होती तुला ती, चांगली बळकट, धारेची. कात्रीला शिक्षा झाली, पोरीला शिक्षा झाली, आणि जिनं चूक केली तिच्या फोटोला... फोटो कुठला म्हणा, तू कधी काढू दिलास? तुझ्या पाटाला हार घातला.

हो, चूक तू केलीस. आता सगळं पहिल्यापासून काढते.

आपल्या आईच्या घरात मीठ, मिरची आणि कात्री कुणी कुणाच्या हातात द्यायचं नाही. हातात दिलं की त्या दोघांचं भांडण होतं. मीठ-मिरचीची वाटी खाली ठेवली तर बिघडत नाही. पण कात्रीही खालीच. तू मागितलीस की मी जमिनीवर ठेवायची, मग तू उचलायची. आणि रिकामी कात्री कचकच वाजवायची नाही, त्यानंही घरात कलह होतो. मी लहानपणीच विचारलं होतं, वाजवून बघितल्याशिवाय हाताला वळण लागणार कसं? आईनं पाठीत धपाटा घातला होता आणि तू शेजारी बसून खुदकन हसली होतीस. आईचं ते सगळं तू जसंच्या तसं उचललंस. मी काहीच उचललं नाही, म्हणून मी वाईट.

मी कात्री धरायला शिकले ती मोठेपणी, यांच्या माघारी, पोटासाठी. आमच्या शेजारचे दर्जीचाचा दारात बसून शिवायचे, त्यांच्याच पायरीवर बसून शिकले. पहिल्याच दिवशी त्यांनी कात्री मागितली आणि मी आपली जमिनीवर ठेवली. ते केवढ्यानं ओरडले! "नीचे नको रख, बेटी! नीचे पावां चलते. हात में दे. पाती अपनी मुठ्ठी में, कडी सामनेवाले कू. नोक अपने तरफ, इज्जत सामनेवाले के तरफ." त्या घरात दिवसभर कात्र्या चालायच्या, खाली पोरं रांगायची, कुणाला ओरखडा उठलेला मी बघितला नाही. मी हे तुला येऊन सांगितलं तर तू काय म्हणालीस? "त्यांच्यात चालत आसंल. आपल्यात न्हाई चालत." अगं, पाय त्यांचेही तसलेच आणि आपलेही तसलेच. ज्या घरात कुणाच्या पायात वहाण नसते, तिथं पातं जमिनीवर ठेवायचं, ही कसली रीत?

हा वाद आपल्यात किती वर्षं चालला! तू येणार, मी कात्री पुढं करणार, तू हात मागं घेणार.

"खाली ठेव, अक्का."

"घे की हातात. मी काय तुला भोसकते का?"

"खाली ठेव म्हनलं ना. भांडण व्हईल."

"ते तर आत्ताच होऊन राह्यलंय!"

मग दोघी हसायचो. खोटं कशाला बोलू, त्या हसण्यासाठीच मी मुद्दाम कात्री पुढं करायचे. गंमत वाटायची. बहिणीबहिणींची कुरबूर, तिचा शेवट करायची कुणाला घाई असते?

मागच्या दिवाळीत तू शेवीला घेऊन माझ्याकडं राहिलीस. कौसाचे दिवस भरत आले होते, पोर पायात नको म्हणून. मला ते दिवस आठवले की राग जरा बाजूला सरतो, मग परत येतो. पोर दिवसभर माझ्या शिवणापाशी. चिंध्या गोळा करायची, त्यांना नावं ठेवायची. एक दिवस कात्रीकडं बोट करून म्हणाली, "मोठी आजी, ही चावती का?"

म्हटलं, "चावते की. तोंडात बोट घातलं तर कुणीबी चावतंय. तुझ्या आजीच्या तोंडात घालून बघ."

तू तिकडून ओरडलीस, "अक्का, पोरीला काय शिकवून राह्यलीस गं!"

"कात्री शिकवून राह्यले."

"पाचाची बी न्हाई ती. हात कापून घेईल."

"लपवून ठेवशील तर एक दिवस तीच शोधून काढंल अन् मंग कापून घेईल. माझ्यासमोर शिकू दे."

आणि मी शिकवलं. तू तोंड फिरवून बसली होतीस, पण तिरक्या नजरेनं सगळं बघत होतीस, मला माहीत आहे. आधी तिला मांडी घालायला लावली. मांडी घातल्याशिवाय कात्री मागायची नाही आणि उठायचं झालं तर कात्री आधी माझ्या हातात. पहिले काही दिवस कापड दिलंच नाही. जवारीच्या पिठाची वळकटी करून दिली, ती काप. पिठाला कापताना कात्री कशी चालते ते हाताला कळतं आणि चुकलं तर काही जात नाही. मग केळीचं वाळलं पान. मग कागद. मग चिंधी. अंगठा वरच्या कडीत घालायचा आणि त्यानं आभाळाकडं बघत राहायचं. कापायचं ते छातीपासून दूर. वळायचं झालं तर कापडानं वळायचं, कात्रीनं नाही. तिची डाव्या हाताची बोटं सारखी पात्याच्या पुढं यायची, तेव्हा मी सांगितलं, "ही बोटं म्हंजी तुझी वासरं. गाडी चालली की वासरं पुढं सोडायची न्हाईत, मागंच ठेवायची." तेव्हापासून ती कापायला बसली की आधी बोटांना दटावायची, "ए, मागं सरा."

आणि शेवटी द्यायचं कसं ते. पाती मिटायची, ती आपल्या मुठीत धरायची, कड्या समोरच्याकडं करायच्या आणि म्हणायचं, "घे." समोरच्यानं धरली की त्यानं म्हणायचं, "धरली." धरली म्हटल्याशिवाय सोडायची नाही. पोरीला याचा इतका नाद लागला की पळी, कंगवा, पाण्याचा तांब्या, सगळंच ती "घे" म्हणून पुढं करायची आणि "धरली" म्हणेपर्यंत सोडायची नाही. तू आंघोळीला बसलेली आणि ती तांब्या सोडेना. "अगं धरली, धरली माझे आई!" म्हणून तू ओरडलीस. सगळी आळी हसली असेल.

त्या दिवशी तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली होतीस, "अक्का, पोर हुशार झाली गं तुझ्याजवळ." तुझ्या तोंडून माझं कौतुक मी किती वेळा ऐकलं असेल? ते एक घट्ट धरून ठेवलंय मी. पण गोदे, मग घरी नेऊन तिचं ते शिक्षण पुसलंस का?

कौसानं मला सांगितलं आता. घरी गेल्यावर पोर कात्री हातात द्यायला आली की तू तिच्या हातावर चापट मारायचीस. "हातात न्हाई. खाली ठेव. मोठ्या आजीचं तिच्या घरी." ती पुन्हा विसरायची, तू पुन्हा मारायचीस. शेवटी लेकरू दोन्ही घरांत दोन रीतींनी वागायला लागलं. मोठ्यांच्या हट्टात भांडण नको म्हणून ती बिचारी दोघींचं राखत होती.

मी दिवस घालायला तुझ्याच घरी राहिले. शेवी दिसायची ती अशी, दाराच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, दोन्ही हात पाठीमागं. जेवायला बसवलं तरी उजवा हात तेवढा पुढं, घास घेतला की परत मागं. बसायला येणाऱ्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसून विचारायच्या, "हीच का ती?" कौसा तान्ह्याच्या धांदलीत. रंगनाथ तर तिच्याकडं बघतच नव्हता. मी जवळ घेतलं की लाकडासारखी व्हायची.

दहावा झाल्यावर बायांनी तुझी लुगडी काढली, कुणाला काय द्यायचं ते बघायला. त्यात ती अर्धी शिवलेली वाकळ निघाली. लढाईमुळं नवीन कापड बघायला मिळत नाही, म्हणून तू जुन्या लुगड्यांचे पदर जोडून केलेली. कौसा म्हणाली, "ही तुमच्यासाठी व्हती, मावशी. म्हनल्या, अक्काला थंडी सोसत न्हाई." सांग ना. माझ्यासाठी मरायला कुणी सांगितलं होतं तुला? मी कुठं गारठून राह्यले होते?

वाकळीला लोंबणारे दोरे कापायला शेजारणीनं आपली कात्री आणली आणि रीतीप्रमाणं जमिनीवर ठेवली.

कोपऱ्यातून पोर किंचाळली, "उचला! उचला ती! उचला!"

बाया दचकल्या. एक म्हणाली, "बघा, केल्यालं डोळ्यापुढं आलं." मी त्या बाईकडं असं बघितलं की ती चहाही न घेता गेली. कात्री उचलून खुंटीला लावली, पोरीला काखोटीला मारलं आणि घरामागं कडब्याच्या गंजीपाशी घेऊन बसले. कडब्याचं एक पान घेऊन त्याच्या घड्या घालत बसले. मग ती आपणहून बोलली.

"मी हातातच देत व्हते."

"कुणाला?"

"आजीला. पाती मुठीत धरली व्हती. मी म्हनले, घे. आजी धरली म्हनलीच न्हाई."

"मंग काय म्हनली?"

"म्हनली, खाली ठेव, किती डाव सांगायचं. मंग मी वाकळीवर ठेवली. मंग बाळ रडलं. आजी उठली." आणि तिनं आपला डावा पाय उचलून धरला.

गोदे, कळलं ना तुला? कळलं काय, तुला माहीतच होतं. ते लेकरू बराबर करत होतं. मी शिकवलं तसं, पातं आपल्या मुठीत घेऊन, तुला कडी देत होतं. घेतली असतीस तर तू आज मला "पुरं, अक्का" म्हणाली असतीस. तुला भांडणाची भीती होती. पाचाच्या पोरीशी तुझं कसलं भांडण होणार होतं गं?

मी तिला घेऊन तशीच पुढल्या दारी गेले. रंगनाथ चार माणसांत बसला होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं, जसं तिनं सांगितलं तसं. माणसं खाली बघायला लागली. कुणीतरी खाकरलं. रंगनाथ म्हणाला, "मावशी, पोरीला वाचवायला तुम्ही आईवर ढकलून राह्यल्या? आई जाऊन पंधरवडा बी झाला न्हाई."

"ढकलत नाही. तिचंच होतं ते तिच्या दारात ठेवते."

"मेलेल्या माणसाला दोष देता?"

"देते. जिवंत लेकराच्या माथ्यावर बसवण्यापरीस मेलेल्याला देते. तिला आता लागत न्हाई, हिला लागतंय."

तो चिडून शेवीकडं वळला. "खरं आसंल तर त्याच वक्ताला का न्हाई सांगितलंस? आजीच्या पायाला लागलं हे तुला ठाऊक व्हतं ना? मंग का गप बसलीस? सांग!"

तिनं हात पाठीमागून काढले आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मी खाली बसले, तिचे हात हळूच बाजूला केले. तेव्हा ती माझ्याकडं नाही, बापाकडं बघून बोलली.

"आजीनं गळ्याची शप्पत घातली व्हती. म्हनली, बाला सांगू नको, बा मारंल तुला. सांगितलं तर मी मरंन." मग इतक्या हळू की पलीकडच्या माणसांना ऐकूच आलं नसेल, "मी कुणालाच न्हाई सांगितलं, बा. फकस्त गोठ्यातल्या वासराला सांगितलं."

तुझा लेक तिथंच खाली बसला. मिशीवाला, तापट, तुझा. त्यानं कपाळ जमिनीला टेकवलं. मी त्याला रडू दिलं. मला त्याची दया आली नाही, अजूनही फार येत नाही. पोर मात्र त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिला वाटलं तोही मरतोय.

शपथ घातलीस, गोदे. तिचा हात आपल्या गळ्याला लावून. तिच्या गालाला मार बसू नये म्हणून. तुला लेकाचा राग माहीत होता, म्हणून तू जखम लपवलीस, लंगडणं लपवलंस, दाढ दुखते म्हणालीस, शेवटी डॉक्टरासमोर डोळे मिटून घेतलेस. एका लेकराचा गाल वाचवायला तू जीव दिलास. त्या चार माणसांनी शपथ ऐकली, पण एवढं बदनापुरात कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. ध्यानात आलं तर तुझी आरती ओवाळतील, आणि खरं सांगू, माझंही मन होतं. असं प्रेम मी कुणावर केलं नाही. तुझ्याएवढी माया मला जमली नाही आणि जमणार नाही. पण गाल वाचला का? थोबाडीत बसली ती बसलीच. आणि वर काय पडलं तिच्या पदरात? ज्या गळ्याला हात लावून शपथ घेतली तोच गळा तिच्या डोळ्यांसमोर बंद झाला. तिनं दोन नि दोन चार केले. कात्री खाली ठेवली म्हणून आजी गेली, आणि वासराच्या कानात बोलले म्हणून आजी गेली. दोन्हीकडून तीच गुन्हेगार. तुला एक शब्द बोलता आला असता. कौसाला नाही, लेकाला नाही, तर मला. मी काय पोरीला मारलं असतं?

मी तिला मस्तगडला घेऊन आलेय. रंगनाथ स्वतः आणून सोडून गेला, दर आठवड्याला येईन म्हणालाय. आल्यावर पहिल्यांदा तो तिच्याशी काय बोलतो हे मी बघणार आहे. ती खाते, झोपते. शिवणापाशी येऊन बसते, पण हात मांडीखाली घालून. कात्री मी तिला देत नाही. घाई नाही. पिठाची वळकटी करून तिच्यापुढं ठेवते. ती नखानं तुकडे करते. तेवढं चालेल.

पण रोज एकच विचारते. सकाळी उठली की विचारते, वेणी घालताना विचारते. "मोठी आजी, वासराला सांगितलेलं धरतात का?"

मी म्हणते, "न्हाई गं. वासराला सांगितलेलं धरत न्हाईत. शपथेनं कुणी मरत न्हाई." ती मान हलवते. तिला पटत नाही. का पटावं? शपथ मी घातली नव्हती. मी तिला सांगितलं हातात दे, तू सांगितलंस खाली ठेव. तेव्हाही तिनं तुझंच ऐकलं होतं. माझं शिकवणं तिच्या हाताला कळतं, पण तुझा शब्द तिच्या पोटात उतरतो. तुझ्याच मांडीवर वाढलीय ती.

म्हणून गोदे, हे काम माझ्याकडून होणार नाही. तू अर्धवट टाकून गेलीस, तूच पुरं कर. एकदा तिच्या स्वप्नात ये. वाटेल तशी ये, पण ते ओढलेलं तोंड घेऊन येऊ नको, तुझं खरं तोंड घेऊन ये. तिच्यापुढं बस आणि सांग की शपथ सुटली, वासराला सांगितलेलं धरत नाहीत, तुझं काही चुकलं नाही पोरी, चुकलं ते माझं. हे शेवटचं नक्की म्हण. टाळू नको. जन्मात कधी म्हणाली नाहीस, आता म्हण.

माझ्याकडं मात्र इतक्यात येऊ नको. मी अजून भांडायच्याच मनात आहे.